वेदीपुढचे मुख आणि वेशीतले मुख

शास्त्रपाठ: आमोस 5:10–24 व 7:1–17, यशया 1:10–17 व 6:1–8, यिर्मया 7:1–15 व अध्याय 26.
पाठांतरासाठी: मीखा 6:8.

पुण्याच्या लष्कर भागात तांबड्या विटांचे, उंच मनोऱ्याचे एक उपासनामंदिर आहे. पुणेकर त्यास लाल देऊळ म्हणतात. खेड्यांतून प्रथमच शहरात आलेले आमचे बंधू मनोरा पाहून ते ख्रिस्ती मंदिर असावे असे समजतात. परंतु ते यहूदी लोकांचे सभास्थान आहे. डेव्हिड ससून ह्या धनिक व्यापाऱ्याच्या दानाने ते उभे राहिले व 1867 साली बांधून पुरे झाले. रास्ता पेठेत आणखी एक सभास्थान आहे. ते बेने इस्राएल लोकांचे. ह्या लोकांची घरची भाषा मराठी. ते शतकानुशतके कोकणात राहिले. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. ज्या संदेष्ट्यांचा अभ्यास आज आपणांस करावयाचा आहे, त्यांची वचने मूळ इब्री भाषेत ह्या आपल्या पुणे शहरातच वाचली जात आली आहेत.

यहूदी लोकांच्या वर्षात योम किप्पूर नावाचा प्रायश्चित्ताचा दिवस येतो. त्या दिवशी अन्नपाणी वर्ज्य करून सर्व मंडळी प्रार्थनेत दिवस घालविते. वर्षातला ह्याहून मोठा उपास नाही. आता त्या दिवशी सकाळी संदेष्ट्यांतील कोणता भाग वाचावा म्हणून त्यांच्या पूर्वजांनी ठरविले आहे, ते पाहा. उपासाची थोरवी सांगणारा एखादा भाग त्यांना सहज निवडता आला असता. परंतु तो भाग आहे यशयाच्या सत्तावन्नाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनापासून अठ्ठावन्नाव्याच्या शेवटापर्यंतचा. तेथे संदेष्टा उपास करणाऱ्या लोकांसच विचारतो की, तुम्ही ह्याच दिवशी आपल्या मजुरांस राबवून घेता, भांडता, ठोसे मारता, आणि देवाने तुमचा उपास पाहिला नाही अशी तक्रार कशी करता? देवास आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणे, भुकेल्यास आपल्या भाकरीत वाटा देणे आणि उघड्यास वस्त्र देणे हा होय. उपासाच्या दिवशीच, पोटात भूक असताना, मंडळीने हे शब्द ऐकावयाचे असतात. आपल्या सणाच्या दिवशी आपल्यावरील दोषारोप उभे राहून ऐकणे हीच उपासना, असे ह्या प्रथेने शतकानुशतके शिकविले आहे.

प्रिय वाचकहो, आपल्यांतील किती मंडळ्या कापणीच्या सणाला आमोसाचा पाचवा अध्याय वाचतील? आणि वाचलाच, तर किती पाळक त्यावर उपदेश करतील? हा प्रश्न आम्ही दुसऱ्यास विचारीत नाही. आधी स्वतःस विचारतो. त्याचे कारण पुढे सांगू.

1. बेथेल येथील सण

आमोस हा यहूदा देशातील तकोवा गावचा. हे गाव यरुशलेमेच्या दक्षिणेस सुमारे 10 मैलांवर, रानाच्या कडेस आहे. तो मेंढरे राखी व उंबरांची मशागत करी. ख्रिस्तपूर्व 760 च्या सुमारास, यहूदात उज्जीया व इस्राएलात योवाशाचा पुत्र यराबाम राज्य करीत असता, हा मनुष्य आपला मुलूख सोडून उत्तरेच्या राज्यात बेथेल येथे गेला.

ते दिवस इस्राएलाच्या भरभराटीचे होते. सीमा वाढल्या होत्या, व्यापार चालला होता, श्रीमंतांची उन्हाळ्याची घरे वेगळी व हिवाळ्याची वेगळी होती. आमोस हस्तिदंती घरांचा व हस्तिदंती पलंगांचा उल्लेख करितो; आणि 1931 ते 1935 ह्या काळात शोमरोन येथे जे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंताचे कोरीव तुकडे पुष्कळ सापडले. म्हणजे संदेष्ट्याने अतिशयोक्ती केली नव्हती. भरभराटीबरोबर उपासनाही भरास आली होती. यज्ञ होत, दशमांश येत, गायन व वाद्ये चालत, सणांस गर्दी होई. आजचा कोणी निरीक्षक तेथे गेला असता तर त्याने अहवालात लिहिले असते की, मंडळीची स्थिती उत्तम आहे.

आमोसाने मात्र तेथे दुसरेच पाहिले. चंद्रदर्शन व शब्बाथ केव्हा संपतो आणि आपण धान्याचे दुकान केव्हा उघडतो, ह्याची वाट पाहणारे व्यापारी त्याने उपासनेत बसलेले पाहिले. त्यांचे माप लहान होते, वजन मोठे होते, तराजू खोटा होता, आणि गव्हाबरोबर ते भुसाही विकीत. गरिबाकडून गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून लोक वेदीशेजारी लोळत होते. जोड्याच्या किमतीसाठी दरिद्र्याचा सौदा होत होता. वेशीत, म्हणजे जेथे गावचा न्याय होई तेथे, खरे बोलणारा मनुष्य लोकांस नकोसा झाला होता.

म्हणून पाचव्या अध्यायात देवाचा जो शब्द त्याच्या तोंडून निघाला तो भयंकर आहे. देव म्हणतो की, तुमचे सण मला आवडत नाहीत, तुमच्या अर्पणांकडे मी पाहणार नाही, तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापासून दूर करा. त्यानंतर देव काय मागतो? इब्री भाषेत तेथे दोन शब्द आहेत: मिश्पात म्हणजे न्याय आणि त्सेदाका म्हणजे नीतिमत्त्व. ही दोन्ही पाण्यासारखी वाहावीत. पाणी कसले, हेही संदेष्टा सांगतो. त्या देशातील बहुतेक ओढे आपल्याकडील ओढ्यांसारखेच असतात. पाऊस पडला की दुथडी भरतात, आणि उन्हे तापू लागली की वाळूच उरते. आमोस म्हणतो, असला ओढा नको. बारमाही वाहणारा पाहिजे. सणाच्या दिवशी ज्याच्या दातृत्वास पूर येतो आणि मजुरी देण्याच्या दिवशी ज्याचे पात्र कोरडे पडते, त्या मनुष्याविषयी हे बोलणे आहे.

येथे एक चूक टाळली पाहिजे. आमोसाला उपासना नको होती, गायन नको होते, असे काही लोक सांगतात. आम्हांस तसे वाटत नाही. उपासना क्षुल्लक आहे असे ज्यास वाटते, तो तिच्यातील खोटेपणाने इतका व्याकूळ होत नाही. खोट्या नाण्याचा राग खऱ्या नाण्याची किंमत जाणणाऱ्यासच येतो.

2. भाकर कोणाची?

बेथेलचा याजक अमस्या ह्याने आमोसास काय म्हटले ते सातव्या अध्यायात आहे. त्याने प्रथम राजाकडे निरोप पाठविला की हा मनुष्य बंड करीत आहे. मग आमोसास बजाविले की, तू यहूदा देशात पळून जा, तेथे संदेश दे आणि तेथेच आपली भाकर खा. येथे पुन्हा बोलू नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे.

ह्या बोलण्यातील दोन गोष्टी नीट पाहाव्या. पहिली अशी की, अमस्याने त्या स्थळास राजाचे पवित्रस्थान म्हटले. देवाचे म्हटले नाही. बेथेल म्हणजे देवाचे घर. परंतु त्या घराच्या याजकाच्या तोंडून, भीतीच्या भरात, खऱ्या धन्याचे नाव निघून गेले. लोकांनी यरुशलेमेस जाऊ नये एवढ्यासाठी पहिल्या यराबामाने बेथेलची वेदी उभारली होती. जी उपासना सत्तेच्या सोयीसाठी सुरू झाली, ती सत्तेसच आपला देव समजू लागली.

दुसरी गोष्ट भाकरीची. अमस्यास वाटले की आमोस भाकरीसाठीच बोलतो, कारण तो स्वतः भाकरीसाठीच गप्प होता. मनुष्य दुसऱ्यास आपल्याच मापाने मोजतो. आमोसाने उत्तर दिले की, मी संदेष्टा नव्हे आणि संदेष्ट्याचा पुत्रही नव्हे. मी मेंढरांच्या मागे चालणारा आहे, आणि परमेश्वराने मला तेथून उचलले. ह्याचा अर्थ असा की, ज्या हातास तू भितोस त्या हाताने मला अन्न घातलेले नाही. काही वर्षांनी मीखानेही ह्याच दुखण्यावर बोट ठेविले. त्याच्या तिसऱ्या अध्यायात असे संदेष्टे आहेत की, तोंडात घास पडला तर ते शांतीचा पुकारा करितात आणि घास पडला नाही तर युद्ध पुकारितात.

तर मग धिटाई ही स्वभावाची गोष्ट नाही. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, ह्यावर ती अवलंबून नाही. ज्याने वेदीपुढे खरोखर देवास आपला धनी म्हटले आहे, तोच वेशीत दुसऱ्या धन्याचे भय सोडू शकतो. वेदीपुढचे मुख आणि वेशीतले मुख ही दोन मुखे नाहीत. एके ठिकाणी खोटे बोलणारे मुख दुसऱ्या ठिकाणी खरे बोलत नाही. ह्या पाठात हेच शिकावयाचे आहे.

3. आमची कबुली

काही वर्षांमागे एका खेड्यातील मंडळीत कापणीच्या सणास आम्ही उपदेशासाठी गेलो होतो. उपासनामंदिर झेंडूच्या फुलांनी व ज्वारीच्या कणसांनी सजविलेले होते. वेदीजवळ धान्याची पोती रचली होती. त्यांतील दोन मोठी पोती मंडळीच्या एका वडिलांनी आणिली होती, आणि लोक कौतुकाने तिकडे पाहत होते. आदल्या रात्री आम्ही ज्या घरी उतरलो तेथे आम्हांस कळले होते की, ह्याच वडिलांच्या रानात कांद्याच्या काढणीस गेलेल्या, आपल्याच मंडळीतील तीन विधवा बहिणींस पाच महिन्यांपासून मजुरी मिळालेली नाही.

योगायोग असा की, त्या दिवशीचा शास्त्रपाठ आमोसाचा पाचवा अध्याय होता. आम्ही तो वाचला. मोठ्याने वाचला. आणि मग पुस्तक मिटून देवाच्या उपकारांवर, ऋतुचक्रावर आणि पेरणाऱ्याच्या आशेवर अर्धा तास गोड बोललो. ती पोती आमच्या डोळ्यांपुढे होती. उपासनामंदिराच्या छपराचे काम त्या वडिलांच्या मदतीवाचून अडणार, हेही डोळ्यांपुढे होते. मनात आम्ही म्हणालो की, सणाच्या दिवशी कोणाचे मन दुखवू नये, हीच प्रीती.

उपासनेनंतर दाराशी हस्तांदोलन करीत उभे असता एक म्हातारी बाई थांबली. त्या तिघींपैकीच ती एक होती.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "त्ये मघाशी वाचलंसा, त्ये कुनासाठी व्हतं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, ते फार जुन्या काळच्या लोकांसाठी लिहिलेले आहे."

"मंग आज का वाचलं?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही आमोसावर निबंध लिहिला होता व त्यास चांगले गुण मिळाले होते. परंतु त्या दाराशी आम्हांस समजले की आमोसाच्या गोष्टीत आमची जागा कोणती. आम्ही अमस्या होतो. एवढेच की अमस्याने आमोसास उघड हाकलून दिले. आम्ही त्यास वाचून दाखवून गप्प केले. ही रीत अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक घातक आहे.

4. बोलण्यापूर्वीची प्रार्थना

पुण्यास परत आल्यावर आमच्या मनात प्रथम राग आला. त्या वडिलांचा आणि स्वतःचाही. पुढच्या रविवारी जाऊन वेदीवरून सर्वांसमक्ष त्यांचा दोष त्यांच्या पदरी घालावा असे वाटले. त्या वेळी आमोसाच्या सातव्या अध्यायातील आरंभीची वचने आम्हांस आडवी आली. त्यांवरून आम्ही पुष्कळदा घाईने पुढे गेलो होतो.

अमस्याशी गाठ पडण्यापूर्वी आमोसास दृष्टांत झाले. टोळ देशातील हिरवळ खाऊन टाकीत आहेत, हा पहिला. अग्नी सर्व भस्म करीत आहे, हा दुसरा. दोन्ही वेळां आमोसाने काय केले? बरे झाले, हे लोक ह्यालाच पात्र आहेत, असे तो म्हणाला नाही. त्याने देवाची विनवणी केली की, क्षमा कर, थांब. याकोब लहान आहे, तो कसा टिकेल? ज्या हस्तिदंती पलंगांवर त्याने कोरडे ओढले, त्यांवर निजणाऱ्यांसाठीही ती विनवणी होती. आधी तो लोकांसाठी देवापुढे उभा राहिला, मग देवासाठी लोकांपुढे उभा राहिला. हा क्रम उलटा झाला की संदेष्ट्याचा कलहप्रिय मनुष्य होतो.

यशयाचेही असेच. उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी त्याने मंदिरात परमेश्वराचे वैभव पाहिले, तेव्हा त्याच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो स्वतःच्या अशुद्ध ओठांविषयी; लोकांच्या ओठांविषयी नंतर. वेदीवरचा निखारा आधी त्याच्या तोंडास लागला आणि मग त्यास पाठविण्यात आले. तुमचे हात रक्ताने भरले आहेत असे सांगणारा पहिला अध्याय ह्या भाजलेल्या ओठांतून निघालेला आहे. आणि नाथानाकडे पाहा. दाविदास त्याचे पाप दाखवावयाचे होते. तो राजापुढे ओरडत गेला नाही. त्याने एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, राजाचा न्याय राजाच्याच तोंडून वदविला, आणि मग सांगितले की तो मनुष्य तूच आहेस. गोष्ट सौम्य होती. शेवट सौम्य नव्हता. सौम्यपणा आणि भित्रेपणा ह्यांतील अंतर ज्यास कळले, त्यास नाथान कळला.

त्या वडिलांसाठी प्रार्थना करावयास आम्ही गुडघे टेकले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की त्यांच्या देणग्यांबद्दल आम्ही देवाचे आभार अनेक वेळां मानिले होते, परंतु त्यांच्या आत्म्यासाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती. पुढील महिन्यात आम्ही एकटेच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. आम्ही आधी स्वतःची कबुली दिली की, सणाच्या दिवशी आम्ही तुमच्या भीतीने गप्प बसलो. आणि मग त्या तिघींच्या मजुरीविषयी स्पष्ट बोललो. ते पुष्कळ वेळ खाली पाहत होते. मग हिशेबात घोटाळा झाला असे म्हणाले.

येथे विजयाची कथा सांगावी अशी वाचकांची अपेक्षा असेल. ती आमच्याजवळ नाही. दोघी बहिणींस पैसे मिळाले. तिसरीस, म्हणजे त्या म्हातारीस, अर्धेच मिळाले, आणि तेही वर्षाने. वडील पाच महिने उपासनेस आले नाहीत, अर्पण कमी झाले, छपराचे काम एक पावसाळा लांबले व लोक गळक्या छपराखाली बसले. काहींनी आम्हांसच बोल लाविला. आता ते वडील पुन्हा येतात. मागच्या बाजूस बसतात. त्यांच्या मनात काय आहे ते देव जाणे. परंतु त्या मंडळीत आमोसाचा अध्याय वाचावयाचा असेल, तर आता आम्ही तो वाचून पुस्तक मिटीत नाही.

5. मंदिराच्या दारात यिर्मया

धीट उपदेश हे केवळ उपदेशकाचे काम आहे असे कोणी समजू नये. ऐकणाऱ्यांवरही त्याचा भार आहे. हे यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायावरून शिकावे.

योशीया राजाने मंदिर शुद्ध केले होते, मूर्ती काढून टाकिल्या होत्या, नियमशास्त्राचे वाचन करविले होते. त्यास फार वर्षे लोटली नव्हती. ख्रिस्तपूर्व 609 च्या सुमारास त्याचा पुत्र यहोयाकीम गादीवर आला. लोकांस आपल्या सुधारलेल्या मंदिराचा मोठा भरवसा वाटत होता. परमेश्वराचे मंदिर हे शब्द ते मंत्रासारखे पुन्हा पुन्हा म्हणत. इकडे नवा राजा गंधसरूच्या लाकडाचा व हिंगुळाच्या रंगाचा वाडा बांधीत होता आणि कामकऱ्यांस मजुरी देत नव्हता. हे बाविसाव्या अध्यायात आहे. तेथेच यिर्मया योशीयाविषयी म्हणतो की, त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि देवास ओळखणे म्हणतात ते हेच.

यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला व म्हणाला की, परके, पोरके व विधवा ह्यांजवर जुलूम करून येथे येता आणि आम्ही सुरक्षित आहो म्हणता. हे घर लुटारूंची गुहा झाले आहे काय? शिलोचे झाले तेच ह्याचे होईल. तेव्हा याजक, संदेष्टे व सर्व लोक ह्यांनी त्यास धरले व हा मेलाच पाहिजे असे म्हटले. लक्षात घ्या की त्यास प्रथम धरणारे उपासक होते.

त्यास वाचविले कोणी? देशातील काही वडील उभे राहिले. त्यांनी आठवण दिली की, सुमारे शंभर वर्षांपूर्वी हिज्कीया राजाच्या काळी मोरेशेथच्या मीखानेही हेच सांगितले होते. त्या राजाने त्यास मारिले नाही, उलट देवाचे भय धरिले. आणि शाफानाचा पुत्र अहीकाम ह्याने यिर्मयाचा हात धरला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याची हकीकत आहे. तोही हेच बोलला. पळून मिसरात गेला. राजाने त्यास तेथून धरून आणून मारिले. उरीयास अहीकाम मिळाला नाही. वाचकहो, प्रत्येक मंडळीत यिर्मया असेलच असे नाही. परंतु प्रत्येक मंडळीत अहीकाम होण्यास जागा आहे. ज्या वडिलांस जुने वचन आठवते आणि जे योग्य वेळी उभे राहतात, त्यांजमुळे देवाचे वचन एका पिढीतून दुसरीत जिवंत पोहोचते.

यिर्मयाचा तो शब्द पुढे आपल्या प्रभूने मंदिर शुद्ध करिताना उच्चारिला. होशेयाच्या सहाव्या अध्यायातील, यज्ञाहून दया बरी, ह्या अर्थाचा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू दोनदा सांगतो. तेव्हा हा जुन्या कराराचा विषय आहे, आम्हांस लागू नाही, असे म्हणण्यास ख्रिस्ती मनुष्यास वाट उरत नाही.

6. पुण्यातील एक साक्ष

वेदीपुढचे आणि वेशीतले मुख एकच असले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण शोधण्यास पुणेकरास यरुशलेमेपर्यंत जावे लागत नाही. पंडिता रमाबाई ह्यांनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढिले व 1890 साली ते पुण्यास आणिले. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला. सरकारने प्लेग कमिटी नेमली. सोल्जरांकडून घरांच्या झडत्या होऊ लागल्या. आजाऱ्यांस इस्पितळांत व संशयितांस छावण्यांत नेण्यात येऊ लागले. रमाबाईंच्या आश्रयातील मुलींसही हा प्रसंग आला. तेथे स्त्रियांच्या संरक्षणाची जी आबाळ त्यांस दिसली, ती त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात उघड लिहिली. सरकारने ते आरोप नाकारिले. पण विषय विलायतेपर्यंत गेला.

ह्यात धिटाई कोठे आहे ते पाहा. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणविणारे होते. बॉम्बे गार्डियन ख्रिस्ती पत्र होते. रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करणारे पुष्कळसे लोक परदेशी ख्रिस्ती होते. बाप्तिस्मा घेतल्यामुळे पुण्यातील अनेक स्वकीयांचा रोष त्यांनी आधीच ओढवून घेतला होता. अशा वेळी आपल्याच बाजूचे म्हणून सरकारविषयी मौन धरणे किती सोपे होते! परक्याचे पाप उघड करण्यास धिटाई फार लागत नाही. ती टाळ्यांसाठीही करिता येते. आपल्या भाकरीच्या बाजूस बोट दाखविणे, ही आमोसाची धिटाई.

आणि हेच मुख वेदीपुढे कसे होते? पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ती सदनात दुष्काळातून आणिलेल्या मुली व विधवा ह्यांसह त्या नित्य प्रार्थना करीत. उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अडाणी बाईसही समजावे म्हणून भाषा साधी ठेविली, आणि छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांच्याच हातांनी केले. 1922 साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत हे काम चालले. ज्या स्त्रीने अधिकाऱ्यांपुढे मुलींच्या अब्रूचा प्रश्न मांडिला, तीच आमोस व यशया ह्यांचे एकेक इब्री क्रियापद उलगडीत बसली. आम्हांस ही दोन कामे वाटत नाहीत.

7. परीक्षा

आपली उपासना खरी आहे की नाही हे कसे ओळखावे? डोळ्यांत पाणी आले, भजन रंगले, मंदिर भरले, ह्या खुणा बेथेललाही होत्या. संदेष्टे तीन साधे प्रश्न विचारितात. उपासनेनंतरच्या सोमवारी तुझे माप व तुझा तराजू तेच आहेत काय? जो तुझ्यापेक्षा दुबळा आहे, त्यास तुझ्या उपासनेचा काही लाभ होतो काय? आणि तुझ्याविरुद्ध जाणारे देवाचे वचन तू बसून ऐकून घेतोस, की बोलणाऱ्यास त्याची भाकर दुसरीकडे शोधावयास सांगतोस?

उपदेशकासाठी आणखी एक प्रश्न आहे: ज्यांस तू दोष देतोस त्यांजसाठी तू रडला आहेस काय?

आम्ही त्या गावी पुन्हा जातो तेव्हा ती म्हातारी बाई पुढच्या चटईवर बसलेली असते. शास्त्रपाठ सुरू झाला की ती मान वर करून आमच्याकडे पाहते. तिच्या त्या पाहण्याने आमची उपासना शुद्ध राहण्यास जितके साहाय्य झाले आहे, तितके अनेक ग्रंथांनी झालेले नाही. प्रभू प्रत्येक मंडळीस असे विचारणारे कोणी देवो, आणि प्रत्येक पाळकास उत्तर देण्याचे धैर्य देवो.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. अमस्याने बेथेलास कोणाचे पवित्रस्थान म्हटले? आपल्या मंडळीत कोणाच्या नाराजीची भीती आपणांस देवापेक्षा अधिक वाटते?

2. आमोसाने दोन वेळां कोणती विनवणी केली? आपण ज्यांच्यावर टीका करितो त्यांपैकी कोणासाठी ह्या आठवड्यात प्रार्थना केली?

3. यिर्मया वाचला, उरीया मारला गेला. अहीकामाचे काम आपल्या गावी आज कोणते असेल?

4. पुढील कापणीच्या सणापूर्वी, आपल्या रानात किंवा घरी राबलेल्या कोणाची मजुरी देणे राहिले आहे काय, ह्याचा प्रत्येक कुटुंबाने हिशेब करावा. आणि अर्पण आणण्यापूर्वी ती फेडावी.